गणपतीपुढची रिमोटची आगगाडी काढण्याआधी

आधी रिमोट उघडा. गाडी नंतर, आधी रिमोट.

गेल्या वर्षी मूर्ती मखरात बसली, गुरुजी पुढच्या घरी गेले, भाचेमंडळी रुळांभोवती मांडी घालून बसली आणि गाडी जागची हलेना. काकांनी दुबईहून आणलेली, तीस-बत्तीस वर्षांची गाडी. इंजिनाचा दिवा लागत होता, म्हणून मी इंजिनाच्याच मागे लागलो. सेल बदलले, तळाचे स्क्रू काढले, मोटर बाहेर काढली. आरतीसाठी हाका सुरू झाल्या तेव्हा माझे दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले. शेवटी धाकट्या भाच्याने विचारलं, "मामा, ह्याच्यात पण सेल असतो ना?" झाकण उघडलं तर आतली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी ओघळलेली आणि तिच्या टोपीवर (बॅटरीच्या डोक्यावर बसणारी, लाल-काळ्या वायरची जोडणी) हिरवा चिकट थर. इंजिनाचे सहा सेल मी आदल्या वर्षी आठवणीने काढून ठेवले होते. रिमोटचा विसरलो होतो.

तर यंदा. माळ्यावरून डबा उतरवायचा तो किमान पंधरा दिवस आधी, हरतालिकेच्या रात्री नाही. काही तुटलेलं निघालं तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायला एक शनिवार हाताशी हवा.

रिमोटमधल्या टोपीवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर ती फुंकू नका, डोळ्यांत जाते. अल्कलाइन बॅटरीतून गळतं ते क्षारयुक्त असतं, त्यामुळे इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसायचं. फसफसेल, फसफसू द्या. मग ओलसर फडकं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग रात्रभर पंख्याखाली. स्वस्तातल्या साध्या झिंक सेलचं गळलेलं मात्र आम्लधर्मी असतं, तिथे लिंबू पिळून काही होत नाही, खाण्याचा सोडा लागतो. टोपीची वायर सोलल्यावर आतून काळी निघाली तर त्यावर सोल्डर धरतच नाही. अख्खी टोपीच बदला, किरकोळ किमतीची वस्तू आहे. लाल-काळी वायर उलटी जोडू नका, एवढं सांगायला लागू नये.

नवी बॅटरी मल्टिमीटरने तपासताना रिमोटचं बटण दाबून तपासा. नुसती ठेवलेली मरतुकडी बॅटरीही ऐटीत साडेआठ-नऊ दाखवते, बटण दाबलं की कोसळते. रिचार्जेबलवर नऊ लिहिलेलं असतं, पण आत बहुधा १.२ व्होल्टची सात घरं, म्हणजे ८.४ व्होल्ट. चालते, पण पल्ला कमी वाटला तर नवल नको.

आता इंजिन. सहाच्या सहा सेल एकाच पाकिटातले. दोन जुने चार नवे केलं की जुने आधी संपतात, बाकीचे त्यांच्यातून उलटा करंट ढकलतात आणि जुने गळतात. आमच्याकडे आई दरवर्षी घड्याळातला "अजून चांगला आहे" म्हणून एक सेल आणून देते. घ्यायचा, हसायचं, बाजूला ठेवायचा. रिचार्जेबल टाकले तर नऊऐवजी ७.२ व्होल्ट मिळतात आणि गाडी जरा संथ धावते. मला तीच आवडते, वळणावर डबे पडत नाहीत.

आसांना गुंडाळलेले केस चिमट्याने काढा, दर वर्षी निघतात, कोणाचे ते विचारू नका. धातूच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, प्लास्टिकच्या गिअरला बोटभर नाही, काडीच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस. खोबरेल अजिबात नको. वर्षभरात त्याचा चिकटा होतो आणि त्यात धूळ बसते. गाडी टकटक आवाज करत एकाच लयीत अडखळत असेल तर आसावरचा छोटा गिअर तडकलेला असणार, जुन्या प्लास्टिकचं ते ठरलेलं दुखणं. चाकांवरचे रबर कडक झाले असतील तर बदला, नाहीतर गाडी जागच्या जागी चाकं फिरवते.

रूळ पुसा, जोडा. पूर्वी आम्ही ते थर्माकोलवर ठोकायचो. २०१८च्या बंदीनंतर प्लायवूड आलं आणि गाडी ढोलासारखी वाजायला लागली. खाली जुनी सतरंजी घाला.

मग चाचणी, आणि ती रोषणाई लावून. हे महत्त्वाचं. असल्या जुन्या गाड्यांचे रिमोट बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात आणि स्वस्त एलईडी माळांचे अडॅप्टर तिथेच भरपूर कचरा, म्हणजे रेडिओची खरखर, सोडतात. दिवे बंद असताना दारापासून चालणारी गाडी दिवे लागले की दोन हातांवर बहिरी होते. अडॅप्टर रुळांपासून लांब न्या, रिमोटची एरियल पूर्ण ओढा. भाच्याच्या रिमोट कारची फ्रिक्वेन्सी तीच असेल तर दोघांपैकी एकच चालवायचं, त्यावरून रडारड होणार हे धरून चाला. ही चाचणी झाली की रिमोटची बॅटरी काढून ठेवा. हो, मध्ये पंधरा दिवस असले तरी. आणि एक जास्तीची नऊ व्होल्टची आणून फ्रीजवर ठेवा. स्थापनेच्या सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिल सेल मिळतील, चौकोनी मिळेलच असं नाही.

गणपतीचे दिवस: रात्री स्विच बंद, फुलं-अक्षता रुळांतून वेचा, प्रसादाच्या हाताने गाडीला हात नाही. बाकी मजा करा.

विसर्जनाहून आलात की कंटाळा येईल, पाय दुखत असतील. तरी त्याच रात्री इंजिनाचे सहा सेल बाहेर. रिमोटची बॅटरी बाहेर. झाकण लावण्याआधी परत बघा, रिमोटची बाहेर? पुढच्या वर्षी गाडी खाली येण्याआधी डबा अख्खा पावसाळा माळ्यावर काढणार आहे. सिलिका जेलच्या पुड्या, कोरडं फडकं, डबा बंद. काढलेली बॅटरी डब्यात टाकू नका, मल्टिमीटरला कामाला येईल. मी यंदा डब्याच्या झाकणावर मार्करने "रिमोट" एवढंच लिहिलंय. बायको विचारते, गाडी कुठल्या डब्यात आहे ते कसं कळणार.