सोलरचं गरम पाणी खालच्या बाथरूमला न्यायचंय? प्लंबर यायच्या आधी एवढं करून ठेवा

कोल्हापुरात कितीतरी घरांत हेच चित्र आहे, गच्चीवर सोलर, वरच्या मजल्यावर चटका बसेल इतकं गरम पाणी, आणि खाली मागच्या खोलीत आई-वडील राहतात त्यांच्या बाथरूमला गरम पाण्याची लाईनच नाही, मग डिसेंबरात सकाळी कुणीतरी बादली धरून जिना उतरतंय नाहीतर परड्यात बंब पेटतोय. लाईन वाढवणं तसं फार मोठं काम नाही. पण प्लंबर दारात आल्यावर विचार सुरू केलात तर तो त्याला सोपी पडेल ती वाट धरणार आणि पुढं कित्येक वर्षं म्हाताऱ्या माणसाला गार पाणी सोडून देत थंडीत उभं राहावं लागणार, म्हणून ही वाट आपणच ठरवायची.

आधी पाणी पुरतंय का बघा. सोलरच्या टाकीत गरम पाणी वर राहतं आणि गार खालून भरतं, त्यामुळं बराच वेळ कडक येतं आणि मग एकदम गार. 100 लिटरची टाकी म्हणजे साधारण तीन-चार माणसं. थंडीतल्या एखाद्या सकाळी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर नळ सोडून बघा, अजून दोन बादल्या गरम निघत असतील तरच पुढं जा, नाहीतर आधी टाकी वाढवायचं बघा.

आता वाट. सुतळीचा गुंडा घ्या, सोलरच्या आउटलेटपासून खालच्या नळापर्यंत पाईप जाईल तशी प्रत्येक वळणाला धरून सोडत या आणि मग ती सुतळी मोजा. समजा 60 फूट भरली. एवढ्या लांबीत इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) पाईपात जवळपास 8 लिटर पाणी बसतं, पाऊण इंचीत 5 लिटरच्या आसपास, अर्ध्या इंचीत दोन-सव्वादोन. रात्रभर पाईपात थांबलेलं हे पाणी सकाळी गारच असतं आणि तेवढं गेल्याशिवाय गरम येत नाही. प्लंबर म्हणतील इंची टाकूया, फोर्स येईल, पण खाली उतरणाऱ्या लाईनला उंचीचाच फोर्स मिळतो, दर 10 फुटाला साधारण 0.3 बार. एका बाथरूमसाठी इंची पाईप घालू नका असं माझं ठाम मत आहे, पाऊण इंची उतरवा आणि शेवटचा तुकडा अर्धा इंची ठेवा. आणि जवळची वाट सापडत असेल तर एक भिंत फोडावी लागली तरी चालेल, त्यात कंजूषी नको.

वाट बघतानाच उताराकडं लक्ष द्या. पाईप सतत खाली उतरत गेला पाहिजे, दारावरून चढून परत उतरला की त्या उंचवट्यात हवा अडकते आणि नळ नुसता फुसफुसतो. सोलरच्या टाकीवरची उभी उघडी नळी, एअर व्हेंट, तिला कुणी बूच मारलं असेल तर ते आधी काढा, आणि तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा वर आहे ना ते बघून घ्या. व्हेंट बंद असेल तर टाकी आतून पिचकू शकते.

सामान लक्ष्मीपुरीतनं आणा किंवा घराजवळच्या दुकानातनं, पण पाईपवर सीपीव्हीसी लिहिलेलं स्वतः वाचून घ्या, साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. जोड चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच. नळाजवळ पितळी आट्याची फिटिंग घ्या. या लाईनला वेगळा व्हॉल्व हवाच, खाली गळती झाली म्हणून वरच्यांची आंघोळ अडायला नको. खालच्या बाथरूमला गार पाणी थेट कार्पोरेशनच्या नळाचं किंवा प्रेशर पंपाचं असेल तर ते मिक्सरमधून गरम लाईनीत उलटं घुसतं, तिथं एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व, लावा, नाहीतर गार पाणीही गच्चीवरच्याच टाकीतनं घ्या, हे जास्त चांगलं. पाणी वाटेत गार होऊ नये म्हणून पाईपाला काळी नायट्राइल स्लीव्ह (फोमचं वेष्टन) पूर्ण लांबीला, आणि बाहेर उन्हात असेल तिथं वरून अॅल्युमिनियम टेप, नाहीतर उन्हानं स्लीव्ह तडकते. 10 मीटरचा सीपीव्हीसी पाईप 40 अंशांनी तापला की अडीच सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, त्यामुळं क्लॅम्प करकचून आवळू देऊ नका.

वयस्कर माणसं वापरणार असतील तर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्वचा खर्च धरूनच चाला, तो गरमात गार मिसळून ठरवलेल्या तापमानालाच पाणी सोडतो, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात सोलरचं पाणी 70-80 अंशांपर्यंत जातं आणि 60 अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजतं, वडिलांचा हात तेवढ्या चपळाईनं मागं येत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडं ऊन आठवडा-आठवडा दिसत नाही, तेव्हा खाली छोटा गिझर लागणारच. 3 किलोवॅटचा गिझर 13 अँपिअर खेचतो, म्हणजे 16 अँपिअरचा पॉइंट, वेगळी वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच. भिंत फोडणारच आहात तर वायरची पट्टीही तेव्हाच मारून घ्या. सोलरचं गरम पाणी गिझरच्या इनलेटला चालतं का ते कंपनीला विचारून मगच जोडा.

काम दसऱ्याच्या आसपास काढा, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पाणी येईल. सोल्युशन वाळायला एक दिवस सोडा, त्या दिवशीच्या आंघोळीची सोय बघून ठेवा, मग पाणी भरून प्रेशर टेस्ट आणि रात्रभर तसंच. गिलावा त्याच्यानंतर, गवंड्याला आधी बोलावूच नका. आणि भिंत बुजवायच्या आधी टेप लावून पाईपाचे फोटो काढा, फरशीपासून किती इंच, कोपऱ्यापासून किती इंच, आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवून ठेवा, पुढं खिळा ठोकताना लागतील.