कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात

रत्नागिरीत बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला मी कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढून प्रत्येक पेशीत हिरवे ठिपके भरले. वनस्पतीची पेशी म्हटली की हरितलवकं, म्हणजे उजेडात साखर बनवणारे हिरवे दाणे, असणारच, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. मॅडमनी विचारलं, "हे तुला दिसलं कुठे?" पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकही नव्हतं. कांदा मातीत पोसतो. त्याच्या पेशींना साखर मिळते ती हिरव्या पातीकडून, रसवाहिन्यांमधून. मुळांचंही तेच.

हरितलवकं बघायची तर तुम्ही सुरुवात हायड्रिला या पाणवनस्पतीपासून करा. आपल्याकडे तळ्यांत, विहिरींत ते सापडतं. पान जेमतेम दोन पेशींइतकं जाड, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. शेंड्याजवळचं कोवळं पान स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवायचं, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडायची, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. आधी लो पॉवर, मग हाय. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी शोधा आणि घाई करू नका. दिव्याची ऊब लागली की हिरवे दाणे पेशीच्या कडेकडेने, एकामागून एक, फिरायला लागतात. एकेक दाणा मिलिमीटरच्या सुमारे 200व्या भागाएवढा! मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा शेजारच्या मुलीला मी हाताला धरून ओढत आणलं.

या दाण्यातल्या चकत्यांवर प्रकाशाच्या बळावर पाण्याचं विघटन होतं, ऑक्सिजन सुटतो. भोवतीच्या द्रवात, म्हणजे स्ट्रोमात, कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. या दुसऱ्या टप्प्याला 'अंधार-अभिक्रिया' म्हणतात. नाव फसवं आहे. ती रात्रपाळी नव्हे, दिवसाउजेडीच चालते. मुलं इथे हमखास चुकतात.

बाबा कलमांना खत घातलं की म्हणायचे, "झाडं जेवली." मी त्यांना सांगितलं, जेवण पानात तयार होतं, खत हे त्या चुलीचं सामान. दाण्यांना हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा 1 अणू आणि त्याला धरून नायट्रोजनचे 4. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "मग जून पानं शिरा सोडून पिवळी पडतात, ती त्यापायी काय गो?"

तेही एक कारण. मॅग्नेशियम कमी पडलं, की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं. दुसऱ्या दिवशी तसलंच एक पान वहीत घालून मी प्रॅक्टिकलला नेलं.