शेवग्याच्या बुडाशी पाणी तुंबू देऊ नका

उत्तरा सरत आली, हस्ताचा पाऊस दारात आहे. बाकीची कामं राहू द्या, फावडं घेऊन शेवग्यात जा. बुडाशी पाणी उभं असेल तर आजच चर काढा.

आपल्या काळ्या भारी रानात शेवगा उन्हाने मरत नाही, पाण्याने मरतो. दुष्काळात तग धरणारं झाड म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि परतीच्या पावसात रान चिबडलं की मुळ्या कुजतात. उभ्या बागा अशा गेलेल्या मी पाहिल्यात. आधी पानं पिवळी पडून गळतात. खत कमी पडलं असं वाटतं, दुकानदार टॉनिकची बाटली हातात देतो, पैसे जातात आणि पाणी तिथंच राहतं. बाटली घेण्याआधी बुडाची साल अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागून सुटली, आतून तपकिरी पाणी आणि आंबूस वास आला, तर झाड उपाशी नाही, गुदमरलंय.

दोन ओळींमधून उताराकडे फूट-दीड फूट खोल चर काढा आणि पाणी रानाबाहेर सोडा. बुडाला मातीची भर द्या. वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती ओलसर राहिली की, कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम मिसळून बुडाशी ओता. घमेलंभर मुरूम टाकलेली झाडं जास्त टिकतात, हा माझा रानातला अंदाज.

बाकी कामं:
- शेणखत झाडामागे 10 किलो
- झाडामागे नत्र 75, स्फुरद 50, पालाश 75 ग्रॅम; द्यायचं राहिलं असेल तर वाफशावर द्या
- केसाळ अळी: खोडावरचे पुंजके गोळा करून नष्ट करा, 5 टक्के निंबोळी अर्क फवारा

पाला घरात खायचा असेल तर झाडावर विषारी औषध मारूच नका. या पाल्यात लोह, कॅल्शियम, प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणूनच बाळंतिणीला मुगाची डाळ आणि लसूण घालून ही भाजी देतात. जास्तीचा पाला सावलीत वाळवून कुटून ठेवा, थालीपिठात चालतो. मुळी आणि साल मात्र गरोदर बाईला देऊ नका.

मूळ कुजलं पण शेंडा हिरवा असेल तर मनगटाएवढा जाड, तीन फुटांचा फाटा तोडून बांधावर उंच जागी लावा. शेवगा फाट्यावरूनही फुटतो.