मल्टिलेव्हल डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन सांभाळताना: थांबायचं ते वरच्याने

एकाच डेटाबेसमध्ये साधा डेटा पण आहे आणि गोपनीय पण, आणि दोन्हीकडचे युजर एकाच वेळी काम करतायत, अशा ठिकाणी कॉलेजात शिकलेलं टू-फेज लॉकिंग (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा गट, संपेपर्यंत रोवरचे लॉक सोडायचे नाहीत) जसंच्या तसं लावू नका. डेटा बिघडणार नाही, पण गुपित फुटेल.

ते कसं बघा. बेल-लापाडुला हे गोपनीयतेचं मॉडेल (१९७३) म्हणतं की वरच्या लेव्हलचा युजर खालचं वाचू शकतो पण खाली लिहू शकत नाही, आणि खालच्याला वरचं दिसत नाही. आता मालपुरवठ्याचं टेबल साधं आहे आणि गोपनीय लेव्हलचा प्रोग्राम त्यातली एक रो वाचतोय, तर त्याचा शेअर्ड लॉक (इतरांना वाचू देणारा, लिहू न देणारा) कमिटपर्यंत, म्हणजे काम पक्कं होईपर्यंत, धरलेला, तेवढ्यात खालचा कोणी ती रो अपडेट करायला आला की तो लटकतो. नियम एकही मोडला नाही, तरी खालच्याला कळलं की वर कोणाला तरी याच मालात रस आहे! आणि वरच्या प्रोग्राममध्ये ट्रोजन (लपवलेला घातकी कोड) असेल तर तो सरळ लॉक धरला म्हणजे १, नाही धरला म्हणजे ० असं करत माहिती खाली पाठवू शकतो. यालाच कव्हर्ट चॅनल म्हणतात, लॅम्पसनने १९७३ मध्येच यावर लिहिलंय. अमेरिकेच्या ऑरेंज बुकने (संरक्षण खात्याचे संगणक-सुरक्षेचे निकष, १९८५) सेकंदाला १ बिटपेक्षा कमी वेग बहुतेक ठिकाणी चालेल असं धरलं होतं, पण त्या वेगाने सुद्धा १२८ बिटची एन्क्रिप्शन की सव्वादोन मिनिटांच्या आत बाहेर जाते, त्यामुळे मी तरी तो आकडा बघून निवांत बसणार नाही.

म्हणून नियम एकच धरायचा: वरच्यामुळे खालचा ट्रान्झॅक्शन थांबता कामा नये, ॲबॉर्टही (मध्येच रद्द) होता कामा नये. जो काही त्रास व्हायचा तो वरच्याला. खालचा आला की वरच्याला हाकलायचं हा एक उपाय आहे, पण खाली गर्दी असली की वरचं काम कधी पूर्णच होत नाही. त्यापेक्षा मल्टिव्हर्जन बरं, वरच्याला जुनी व्हर्जन वाचू द्या, खालचा नवी लिहीत राहील.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे बरंचसं आयतं मिळतं, साधा सिलेक्ट (वाचण्याची कमांड) अपडेटला अडवत नाही. प्रत्येक लेव्हलची टेबलं आणि रोल (हक्क दिलेली खाती) वेगळे ठेवा आणि वरच्या रोलला खालच्या टेबलांवर फक्त सिलेक्ट द्या. अपडेटचा हक्क नसला की सिलेक्ट फॉर शेअर (लॉक घेऊन वाचणं) पण चालत नाही, म्हणजे ती एक वाट आपोआप बंद.

खरी गंमत फॉरेन कीमध्ये आहे आणि इथेच लोक फसतात. गोपनीय टेबलातली रो साध्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवत असेल तर ती इन्सर्ट होताना खालच्या रोवर की-शेअर लॉक बसतो, खालचा ती रो डिलीट करायला गेला की वरच्याचं कमिट होईपर्यंत थांबतो आणि नंतर त्याला एरर येते, ज्यात गोपनीय टेबलाचं नाव छापलेलं असतं! रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या रो दिसाव्यात ते ठरवणारी सोय, पोस्टग्रेस ९.५ पासून आहे) लावून फायदा नाही, फॉरेन की आणि युनिकची (तीच किंमत दोनदा नको या नियमाची) तपासणी तिला बायपास करते. तेव्हा लेव्हल ओलांडणारी फॉरेन की ठेवूच नका, अनाथ रो (जिने बोट दाखवलेली खालची रो उरलीच नाही अशी) शोधायचा जॉब वरच्या बाजूला चालवा. एकाच टेबलात दोन लेव्हल ठेवायच्याच असतील तर प्रायमरी कीमध्ये (रो ओळखायच्या कीमध्ये) लेव्हलचा कॉलम घाला, नाहीतर डुप्लिकेट कीची एररच चुगली करेल. मग समजा एकाच जहाजाच्या दोन रो दिसतील, एक खरी, एक खालच्यांना दाखवायची, याला पॉलिइन्स्टँशिएशन म्हणतात, कटकट आहे पण इलाज नाही.

आयसोलेशन सिरियलायझेबल (ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालल्यासारखाच निकाल देणारी कडक पातळी) असेल तर वरच्याच्या वाचण्यामुळे खालचा ॲबॉर्ट होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे वरच्याने खालचं वाचायचं ते सिरियलायझेबल रीड ओन्ली डिफरेबल ट्रान्झॅक्शनमध्ये. तो सुरुवातीला सुरक्षित स्नॅपशॉट (डेटाचं एका क्षणाचं चित्र) मिळेपर्यंत स्वतः थांबतो आणि नंतर कोणाला ॲबॉर्ट करत नाही, स्वतःही होत नाही. लिहिणं दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि वाचल्याची वेळ गोपनीय रोमध्ये नोंदवून ठेवा, कारण तोवर खालचा डेटा बदललेला असू शकतो.

एवढं करूनही फटी राहतात. खालच्याचा ऑल्टर टेबल (रचना बदलणं) किंवा ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) साध्या सिलेक्टमागे पण अडकतो, म्हणून वरच्या रोलला स्टेटमेंट टाइमआउट आणि आयडल-इन-ट्रान्झॅक्शन टाइमआउट (ट्रान्झॅक्शन उघडा ठेवून रिकामं बसण्याची मर्यादा) लावा. ॲडव्हायझरी लॉकची (प्रोग्रामने स्वतःच्या मर्जीने घ्यायच्या लॉकची) फंक्शनं पब्लिककडून (म्हणजे सगळ्या रोलकडून) काढून घ्या. वरचा ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडा राहिला की व्हॅक्यूमला जुन्या रो काढता येत नाहीत आणि खालचं टेबल फुगून हळू होतं, हाही इशाराच झाला.

प्रकरण खरंच नाजूक असेल तर सर्व्हरच वेगळे करा आणि खालून वर लॉजिकल रेप्लिकेशन (टेबलांतले बदल दुसऱ्या सर्व्हरला पाठवत राहणं, व्हर्जन १० पासून) लावा. फक्त वरचा सर्व्हर बंद पडला की स्लॉटमुळे (वरच्याने अजून न घेतलेले बदल राखून ठेवणाऱ्या सोयीमुळे) खालची डिस्क भरत जाते, म्हणून स्लॉटसाठी वॉल (WAL, बदलांची नोंदवही) ठेवायची मर्यादा (१३ पासून) घाला. फिजिकल रेप्लिका (अख्ख्या सर्व्हरची नक्कल) वापरलीत तर हॉट स्टँडबाय फीडबॅक (नक्कल आपलं वाचन चालू असल्याचं मूळ सर्व्हरला कळवते ती सोय) बंदच ठेवा.

शेवटी मोजून बघा. खालच्या रोलने एकच अपडेट हजारो वेळा चालवून वेळा नोंदवा, मग वरचं सगळं काम जोरात चालू ठेवून परत तेच. दोन ग्राफ वेगळे दिसले तर लॉकच्या व्ह्यूमध्ये कोण कोणासाठी थांबलंय ते बघा, आणि तिथे काही नसेल तर शेअर्ड सीपीयू आणि डिस्ककडे वळा.