ऑफलाइन, ऑनलाइन की हायब्रिड: प्रवेश घेताना या चुका टाळा

"मॅडम, हायब्रिड आहे ना, मग रोज यायचं कशाला?" जुलैमध्ये हे विचारणारा मुलगा दिवाळीच्या तोंडावर हजेरी कमी भरली म्हणून स्टाफरूमच्या दारात उभा असतो. सोलापुरात शिकवताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता प्रवेशाच्या वेळीच मी पालकांनाही बसवून सांगते: हायब्रिड म्हणजे मनाला येईल तेव्हा यायचं असं नाही. कोणता तास वर्गात आणि कोणता मोबाईलवर, हे विभाग ठरवतो. प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा आणि चाचण्या बहुतेक ठिकाणी वर्गातच होतात.

म्हणून फी भरायच्या आधी छापील वेळापत्रक मागा. आठवड्यातून किती दिवस यायचं, कोणत्या वारी, आणि ७५ टक्के हजेरी मोजताना ऑनलाइन तास धरतात का, हे त्याच कागदावर लिहून घ्या. "बघू नंतर" असं उत्तर आलं, तर रोज यायचंय असंच धरून चला.

येण्याजाण्याचा हिशेब

ही चूक बाहेरगावची मुलं हमखास करतात. समजा, सकाळी अकराचा तास वर्गात आणि बाराचा ऑनलाइन. अकराचा संपला की मुलं स्टँड गाठतात, बाराचा तास एसटीत बसून करू म्हणतात. गाडी शहराबाहेर पडली की रेंज जाते, आवाज तुटतो, चार वेळा आत-बाहेर होतं आणि हजेरीच्या यादीत त्यांची सात मिनिटं दिसतात. अशा दिवशी ग्रंथालयात बसून दुसरा तास पूर्ण करा आणि मगच निघा. मोहोळची एसटी पुणे रस्त्याने केगावला सोलापूर विद्यापीठासमोरूनच येते. अक्कलकोटवाल्यांना मात्र अख्खं शहर ओलांडावं लागतं. कोर्स निवडताना हा फरक नक्की धरा.

पासाचंही तसंच. विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे महिन्याच्या भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. रोज येणाऱ्याला तो परवडतोच. पण आठवड्याला दोनच दिवस यायचं असेल, तर मार्च २०२३ पासून मुलींना एसटीत तिकीट अर्धं आहे हे विसरू नका. महिन्यात आठ दिवसांची अर्धी तिकिटं म्हणजे चार दिवसांचं पूर्ण भाडं. पासाला साधारण दहा दिवसांचं जातं. मुलांना मात्र महिन्यात दहापेक्षा जास्त दिवस यायचं असेल, तर पासच बरा. दोन-तीनशे रुपये वाचले तरी ज्या घरात आई विड्या वळून फी भरते, तिथे ते फार असतात.

"बाहेरून" करतोय म्हणजे नेमकं काय?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्यामुळे "बाहेरून बी.ए. केलं" असं सांगणारं कोणी ना कोणी आपल्या नात्यात असतंच. पण दूरस्थ आणि ऑनलाइन एक नव्हेत. दूरस्थमध्ये स्वयंअध्ययनाची पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रावरची सत्रं असतात. ऑनलाइनमध्ये शिकवणं पोर्टलवरून चालतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांत या दोन वेगळ्या पद्धती आहेत. रीतसर मान्यता असेल तर दोन्हींची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अडचण मान्यतेची असते. विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढं बघून थांबू नका. तोच कोर्स, त्याच पद्धतीने, त्याच सत्रासाठी मान्य आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर पाहा. अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चरची पदवी ऑनलाइन देता येत नाही. अशी जाहिरात दिसली तर चौकशीचा फोनसुद्धा करू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्सची फ्रँचायझी द्यायलाही परवानगी नाही, तेव्हा नव्या पेठेतल्या एखाद्या गाळ्यात बसलेल्या माणसाच्या हातात फी ठेवू नका. विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा. अशा प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी स्वतःच्या मोबाईल नंबरवरून काढा. एजंटचा नंबर दिलात की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.

आणि जाहिरातीत नुसतं "हायब्रिड" लिहिलं असेल, तर मान्यता नियमित कोर्सची आहे की ऑनलाइनची, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर लेखी घ्या.

स्वयमचा परीक्षा अर्ज

मंगळवेढ्याच्या एका मुलाने स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या कोर्सच्या बाराही आठवड्यांच्या असाइनमेंट वेळेवर भरल्या. परीक्षेचा अर्ज वेगळा असतो, हे त्याला शेवटची तारीख उलटल्यावर कळलं. त्याचे क्रेडिट गेले. माझाच विद्यार्थी होता, आणि आठवण करून द्यायला मी कमी पडले, याचं अजून वाईट वाटतं. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी, आणि पेपर केंद्रावर जाऊन द्यावा लागतो. नाव नोंदवाल त्याच दिवशी अर्जाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

घरून तास करताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीच्या घरी खाली यंत्रमाग चालतात, वर दोन खोल्या. तिने माईक चालू केला की सगळ्या वर्गाला खटखट ऐकू यायची, मग ती लाजून बोलायचीच नाही. शिकवणाऱ्यांना वाटायचं, अभ्यास नाही. मला कळलं तेव्हा तिला एवढंच सांगितलं: ही अडचण सरांना पहिल्याच आठवड्यात लिहून दे, उत्तरं चॅटमध्ये दे, आणि ब्लूटूथपेक्षा तारेचा इअरफोन वापर. पुढच्या चाचणीपर्यंत चॅटमध्ये सगळ्यात जास्त उत्तरं तिची होती.

बाकी साध्या गोष्टी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तासाच्या आधी रील्स बघू नका. लागोपाठ तीन तास असले आणि कॅमेरा चालू ठेवला की तो संपतो.

वडिलांच्या मोबाईलवरून बसत असाल तर पडद्यावर त्यांचं नाव उमटतं आणि हजेरी कोणाच्याच खात्यात पडत नाही. आपल्या नावाचं वेगळं खातं त्या फोनवर जोडा, नावाआधी रोल नंबर टाका. एवढं करूनही गैरहजेरी लागली, तर महिनाअखेरची वाट न पाहता त्याच आठवड्यात सरांना भेटा; तासाची नोंद ताजी असते तेव्हाच ती दुरुस्त होते.