चवथीआधीची तयारी : डिस्कची नावे आणि स्वॅप

डिचोलीतल्या आमच्या भजनी मंडळाचा लिनक्सवरचा संगणक चवथीला सगळ्यांनाच हवा असतो: कोणाला आरत्या छापायच्या, कोणाला वर्गणीचा हिशेब. म्हणून डिस्कची कामे त्याआधी उरकायची, तीही सकाळी. पावसात संध्याकाळच्या विजेचा नेम नाही. इन्व्हर्टर तपासा. भजनांच्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर हात नेमका तिच्यावरच पडतो.

मग डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा चालवून कोणते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, कशाचे आहे ते वहीत उतरवा. 'एसडीए', 'एसडीबी' या लिनक्सने डिस्कला दिलेल्या नावांवर विसंबू नका; नवी डिस्क जोडली की ती बदलू शकतात. लेबल, म्हणजे आपण दिलेले नाव, मात्र पार्टिशनबरोबरच राहते. ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमला (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीला) ते 'ई२लेबल'ने द्यायचे, मर्यादा 16 बाइट. मी एकदा हौसेने देवनागरीत 'वाचनालय' लिहिले. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, 3 बाइट घेते. 7 चिन्हांचे 21 झाले आणि शेपूट कापली गेली. 'भजन' 9 बाइटांत बसते, पण रोमन लिपीतली छोटी नावेच बरी. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमला तर 12 च बाइट मिळतात.

स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. त्यासाठी आमच्या 4 जीबी रॅमच्या यंत्राला 4 जीबी पुरते. संगणक हायबरनेट (रॅममधले सगळे डिस्कवर ठेवून बंद) करायचा असेल तर रॅमपेक्षा कमी ठेवू नका. लेबलसह स्वॅप तयार करणारी 'एमकेस्वॅप -एल' ही आज्ञा चालवण्याआधी पार्टिशनचे नाव वहीशी ताडून पाहा, शक्यतो दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगून. चुकीच्या जागी चालली तर ही आज्ञा तिथली फाइलसिस्टीम मोडते. चालू स्वॅप आधी 'स्वॅपऑफ'ने बंद करा. फक्त नाव बदलायचे असेल तर 'स्वॅपलेबल' वापरा. 'एमकेस्वॅप'ने यूयूआयडी (पार्टिशनचा लांबलचक ओळखक्रमांक) हाही नवा होतो आणि जुन्याची वाट पाहत संगणक सुरू होताना रेंगाळू शकतो.

शेवटी 'एफएसटॅब', म्हणजे सुरू होताना कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणारी फाइल. जुनी फाइल जपून ठेवा, नव्या ओळींत लेबले घाला, बाहेरच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे चला) हवेच. ते नसेल आणि डिस्क कपाटात असेल, तर संगणक आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर अडतो, आणि आरतीच्या वेळी तो कोणालाच नको. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय'ने ही फाइल तपासून आणि 'स्वॅपऑन --शो'ने चालू स्वॅप पाहून मगच रीबूट करा. वही संगणकाशेजारीच ठेवा, उदबत्तीच्या डब्यापासून जरा लांब.