विद्यापीठाने शहराला किती दिले, याचा हिशेब कसा मांडावा?

विद्यापीठ किंवा नाट्यगृह शहराला किती मिळवून देते असे विचारले, की बहुधा त्या संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रकच पुढे केले जाते. ती झाली उलाढाल. प्रदेशाच्या दृष्टीने मोजायचे असते ते एवढेच, की संस्थेमुळे बाहेरून किती पैसा आला आणि आलेल्यापैकी किती इथेच फिरला. हा हिशेब कसा करावा, ते कोल्हापूरच्या उदाहरणाने पाहू. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी आणि थोडा संशयी स्वभाव मात्र लागतो.

सर्वप्रथम हद्द ठरवावी, कारण हद्द बदलली की उत्तर बदलते. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे आहेत. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळेपर्यंत तो जिल्हाही त्यातच होता. त्या विभाजनानंतर सोलापूरकरांची विद्यापीठातली कामे त्यांच्याच शहरात होऊ लागली आणि त्यानिमित्ताने कोल्हापुरात होणारा त्यांचा खर्च थांबला. हद्द कोल्हापूर शहराची धरली तर हा तोटा, सोलापूरची धरली तर फायदा, आणि संपूर्ण महाराष्ट्राची धरली तर बहुतांशी या खिशातून त्या खिशात. म्हणून अहवालाच्या पहिल्याच ओळीत हद्द लिहून टाकावी आणि नंतर ती सोयीप्रमाणे ताणू नये.

सर्वाधिक वेळ विद्यार्थ्यांच्या खर्चावर घालवावा. कोल्हापुरातच घर असलेला विद्यार्थी वगळावा, कारण विद्यापीठ नसते तरी त्याच्या घरचा किराणा इथेच भरला गेला असता. (विद्यापीठ नसते तर जे शिकायला पुण्याला गेले असते, त्यांचा वाचलेला पैसा खरे तर धरायला हवा, पण तो वेगळ्या रकान्यात, अंदाज म्हणून.) बाहेरून येऊन खोली घेणाऱ्यांना महिन्याचे भाडे, मेस, प्रवास, झेरॉक्स आणि वरखर्च विचारावा. डिपॉझिट धरू नये, ते परत जाते. चौकशी परीक्षेच्या महिन्यात करू नये आणि वर्ष बारा महिन्यांचे समजू नये. मे महिन्यात मेसची भांडी पालथी पडलेली असतात. समजा, असे १,००० विद्यार्थी दरमहा सरासरी ७,००० रुपये दहा महिने खर्च करतात. ही रक्कम सात कोटी रुपये होते.

या सात कोटींवर थांबणे ही नेहमीची चूक. मेसचालकाला विचारावे, की शंभर रुपयांतले कुठे किती जातात. भाजी जवळच्या गावांतली, दूध जिल्ह्यातले आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बाया पलीकडच्या गल्लीतल्या असतील, तर तो पैसा इथेच फिरतो. गॅस, तेल आणि डाळीचा बराचसा पैसा हद्दीबाहेर जातो. घरमालक पुण्यात राहत असेल, तर भाडेही त्याच्यामागे पुण्याला जाते. प्रत्येक फेरीत, म्हणजे पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, शंभरातले चाळीस इथे उरतात असे धरले, तर पहिल्या शंभराचे सर्व फेऱ्या मिळून (१०० + ४० + १६ + …) सुमारे १६७ होतात. मूळ रकमेच्या ही १.६७ पट, अर्थशास्त्रात हिलाच गुणक म्हणतात. तो परदेशी अहवालातून उचलू नये, कारण दुसऱ्या शहराची गळती आपल्या शहराची नसते.

प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनालाही हेच लागू. शासनाकडून येणारे वेतन-अनुदान कोल्हापूरसाठी बाहेरचा पैसा आहे. स्थानिक विद्यार्थ्यांच्या शुल्कातून दिलेला पगार तसा नाही. जे रोज सांगलीहून अप-डाऊन करतात, त्यांच्या पगारातला दुपारचा चहा-नाश्ताच काय तो कोल्हापूरच्या वाट्याला येतो.

सांस्कृतिक संस्थांचा हिशेब अधिक फसवा असतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. तिथे मुंबईचे नाटक हाउसफुल्ल गेले, तरी तिकिटांचा मोठा वाटा निर्मात्याबरोबर परत जातो. केवळ गल्ल्याकडे पाहिले तर शहर पैसे गमावते! शहराची कमाई शोधायची ती नाट्यगृहाचे भाडे, मंडप-ध्वनी-प्रकाशवाले, पाहुण्या कलाकारांचा मुक्काम आणि इचलकरंजी, कागलहून येऊन प्रयोगाआधी जेवणाऱ्या प्रेक्षकांत. ऑगस्ट २०२४ मध्ये या नाट्यगृहाला आग लागली. अशी दुर्घटना हिशेबनिसाला दुःखद, पण दुर्मीळ संधी देते: आसपासच्या खाद्यपदार्थ विक्रेत्यांचा आणि रिक्षाचालकांचा आगीपूर्वीचा व नंतरचा धंदा विचारून तुलना करता येते. मात्र जे प्रयोग शहरातल्याच दुसऱ्या सभागृहात गेले, ते तोट्यातून वजा करावेत.

शिकलेल्या माणसांमुळे होणारा दीर्घ लाभ या बेरजेत मिसळू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी किती जण कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यांत आहेत आणि किती पुण्याच्या हिंजवडीत, हे स्वतंत्र नोंदवावे. गेलेलेही लपवू नयेत. या पद्धतीची मर्यादा कोल्हापुरातच दिसते. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला, तो संस्थानच्याच साधनांतून. आमच्या कडक नियमाने तो ‘बाहेरचा पैसा’ ठरत नाही आणि लाभ जवळजवळ शून्य येतो. इथे चूक नियमाची आहे, वसतिगृहांची नाही. म्हणून पैशाच्या तक्त्याशेजारी माणसांचा दुसरा तक्ता ठेवावा आणि दोहोंची बेरीज करू नये.

अखेरीस एकच आकडा न देता किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा द्याव्यात, गृहीतके त्याच पानावर छापावीत, आणि तक्ता प्रसिद्ध करण्यापूर्वी एखाद्या मेसचालकाला दाखवावा. विद्यार्थी महिन्याला किती आणि कशावर खर्च करतो, हे त्याला त्या विद्यार्थ्यापेक्षाही नेमके ठाऊक असते.